लाईनमन काकांच्या मेणबत्त्या

वीज कंपनीतून लाईनमन म्हणून निवृत्त झालेला माणूस घरी बसून सुवासिक मेणबत्त्या करतो, हे डोणगावात आल्या आल्या ऐकलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. ज्याने अख्खी नोकरी लोकांच्या घरातला अंधार घालवण्यात काढली, त्याने म्हातारपणी मेणबत्त्या ओतत बसावं! गावही त्यांची फिरकी घ्यायला टपलेलं असायचं. "काय लाईनमन, आता मुद्दाम लाईट घालवता का? मेनबत्त्या खपवाच्या हायेत?" यावर मधुकरकाका मान वर करून तारांकडे बघायचे आणि म्हणायचे, "खपवाच्या नाईत बाप्पा. एकच गिऱ्हाईक हाय आपलं, अन् थे बी घरातलंच."

मी गणिताची शिक्षिका. बदली होऊन डोणगावला आले आणि काकांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अंगण एक, नळ एक, अंगणातला कडुलिंबही एकच. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला जन्मजात खोड, त्यामुळे आठवडाभरात मी त्यांच्या ओसरीवर चहा प्यायला लागले होते.

काका उंच आणि वाळक्या अंगाचे. चालताना खाली म्हणून बघायचे नाहीत, नजर सदा वर, तारांवर. ठेचा लागून पायाचे अंगठे कायम फुटलेले. खिशात टेस्टर. त्यानेच पाठ खाजवायची, त्यानेच रस्ता दाखवायचा, चहात साखर विरघळली नाही तर त्यानेच ढवळायची. आणि सगळं जग त्यांना लाईनच्या भाषेत कळायचं. रागीट माणूस म्हणजे थ्री फेज. अगदीच थंड माणूस म्हणजे न्यूट्रल. जेवायला वाढलंय का, हे विचारायचं तर "सप्लाय आला का?" माझ्याबद्दल काकूंना म्हणाले होते, "बाई चांगल्या हायेत, फक्त अर्थिंग नाई. जरा हात लागला का झटका." मला ते पटलं, म्हणूनच राग आला.

कमलकाकूंचं सांगितल्याशिवाय काकांचं सांगता येणार नाही. मी येण्याच्या वर्षभर आधी काकूंना ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. नुसता वास गेला तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. पण काकू कोण होत्या, हे मला गल्लीतल्या बायकांनी सांगितलं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघता येत नाही. देवाच्या आधी जिभेला लावायचा नाही. मग मिठाचा अंदाज कसा घ्यायचा? गल्लीतली प्रत्येक बाई वरणाचं पातेलं पदराखाली झाकून काकूंकडे यायची. काकू झाकण उचलायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "उलीसं कमी हाय. चिमटीभर टाक." त्यांचं कधी चुकलं नाही म्हणतात. महालक्ष्म्यांच्या दिवशी तर दारात पातेल्यांची रांग लागायची.

मी पाहिलेल्या काकू त्या नव्हेत. मी पाहिल्या त्या दिवसातून तीन वेळा आंघोळ करणाऱ्या, नाकावर सदा पदर धरणाऱ्या, हळदीकुंकवाला न जाणाऱ्या, अंगणाच्या बाहेर पाऊल न टाकणाऱ्या. एकदा नळावर मला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "बाई, खरं सांगजा. माह्या अंगाले वास येते का वं?"

"साबणाचा येतो, काकू. दुसरा कसला येणार?"

"तुमी चांगलं बोलान. मले कसं समजन? मले त माहा बी पत्ता लागत नाई आता."

मी बादली घेऊन घरात आले आणि रडले. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर 'नाक मुरडलं', 'नाकात दम आणला' असलं काही बोलायचं मी सोडून दिलं. करून बघा. मराठीत बोलताना दर दोन वाक्यांमागे नाक येतं.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस दुखावली आहे. औषध असं काही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वेगवेगळे वास हुंगायला द्या. नस जागी होईल, किंवा होणार नाही. दुसरा कुणी हे ऐकून नशिबाला बोल लावत बसला असता. काका मात्र खूश होऊन परतले. का, तर म्हणे डॉक्टर 'दुखावली' बोलला, 'तुटली' बोलला नाही.

"बाई, लाईन मेली अन् लाईन बंद हाय, यात लय फरक असते," ते मला समजावत होते. "बंद असली का फॉल्ट शोधाचा. एकेक पोल चढाचा अन् पाहाचं. करंट इथलोक येते, पुढं काऊन जात नाई? कुठी तरी एक पोल भेटतेच."

मेणबत्त्या त्यातून आल्या. अत्तराचा फाया हुंगवला तर काकू तोंड फिरवायच्या. औषध घेतल्यासारखं वाटायचं त्यांना. मेणबत्ती पेटवून ठेवली की तसं नाही. ती कोपऱ्यात जळत राहते, आपण आपलं काम करत राहायचं. वास यायचा असेल तर आपल्या पायांनी येईल. प्रत्येक मेणबत्ती म्हणजे एक पोल. काचेच्या ग्लासावर ते पिवळ्या ऑइलपेंटने नंबर टाकायचे, खांबावर असतो तसा: डी-१, डी-२, डी-३.

त्यांचं मेण वितळवणं मी कितीतरी दुपारी बघत बसले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाव निपचित पडलेलं, पत्र्यावर कडुलिंबाची फुलं पडताहेत, आणि ओसरीवर पाण्याच्या पातेल्यात मेणाचं पातेलं. मेण कडांनी आधी विरघळतं. मधला पांढरा गोळा हळूहळू लहान होत जातो, चंद्र लहान होतो तसा, आणि मग कधी नाहीसा झाला ते कळतच नाही. काका पातेलं खाली उतरवायचे आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. लगेच अत्तर घालायचं नाही. तापल्या मेणात घातलं की वास उडून जातो. निवू द्यायचं. पालथा हात पातेल्याच्या पोटाला लावून बघायचे, मान हलवायचे, परत बसायचे. बोलणं बंद. घरात काकूंच्या बांगड्या वाजायच्या तेवढ्याच. मला त्या वेळी झोपेत असल्यासारखं वाटायचं. आपण कोण, शाळा कधी सुरू होणार, वह्या किती तपासायच्या राहिल्या, सगळं त्या पातेल्यात विरघळून जायचं. मग काका एकदम म्हणायचे, "हं, आता," आणि थेंब मोजायला लागायचे.

धूर मात्र त्यांना खपायचा नाही. मेणबत्ती पेटली की आधी ज्योतीच्या टोकाकडे बघायचे. जरा काजळी दिसली की पक्कड घेऊन वात कापायचे. "धूर म्हनजे लॉस. जळते जास्त, पोचते कमी." ही झाली धंद्यातली गोष्ट. खरी गोष्ट वेगळी होती. तापानंतर महिन्याभरातच गॅसवरचं दूध आटून पातेलं करपलं होतं, आणि शेजारच्या फडक्याने पेट घेतला होता. काकू बाजूच्या खोलीत गहू निवडत बसलेल्या. त्यांना पत्ताच नाही. काका बाहेरून आले तेव्हा धूर छतापर्यंत भरला होता आणि त्यात काकू शांतपणे खडे वेचत होत्या. त्या दिवसापासून त्या घरातली उदबत्ती बंद, धूप बंद, चुलीवरचं आंघोळीचं पाणी बंद. देवापुढे तेवढी समई. कुणी बिडी पेटवली तर त्याला काका फाटकाबाहेर नेऊन सोडायचे.

एकदा लाईट गेली म्हणून त्यांनी मला एक मेणबत्ती दिली. जाताना म्हणाले, "काम झालं का वाढवून टाकजा." मी गणितवाली. वाढवणे म्हणजे बेरीज. मी काकूंकडून आणखी एक मागून आणली आणि दोन्ही लावल्या. काका थोड्या वेळाने डोकावले आणि दारातच कपाळाला हात लावून उभे राहिले.

"हे काय वं बाई?"

"तुम्हीच म्हणालात ना, वाढवा."

असे हसले, असे हसले, की टेस्टर खिशातून खाली पडला. मग ओसरीवर बसून माझी शिकवणी घेतली. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिव्याचंही तेच. 'विझव' हा शब्द त्यांच्या आईने घरात येऊ दिला नव्हता, आणि दिव्यावर फुंकर म्हणजे तर महापाप. तोंडाचं उष्टं अग्नीला द्यायचं नाही. काकांनी तांब्याच्या तारेचा एक आकडा केला होता. त्याने पेटती वात वितळलेल्या मेणात अलगद बुडवायची आणि लगेच परत उभी करायची. ज्योत जाते, धूर निघत नाही, वात मेणाने भिजून पुढच्या वेळेला तयार. "पाह्यलं? वाढली. लोक म्हनतीन संपली." मला ती पद्धत फार आवडली. मी अजूनही तशीच करते.

पोल चढत राहिले. मोगरा, केवडा, वाळा, दवणा झाले. कापूर झाला, ओवा झाला. अत्तरवाल्याकडे जे मिळतं ते संपल्यावर काकूंच्या आठवणीतले वास सुरू झाले. गिरणीतलं गरम पीठ. नव्या लुगड्याची खळ. भाजलेल्या तुरीच्या शेंगा. हे मेणात कसं उतरवायचं? काका दिवस दिवस खटपट करायचे, आणि बहुतेक वेळा मेणाला मेणाचाच वास यायचा. डी-२९ ला तर त्यांनी कमाल केली. नोकरीतला जुना खाकी शर्ट पेटीतून काढला. त्याला अजून ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास होता. त्याचा तुकडा गरम मेणात भिजत घातला.

"काका, याला सुवासिक म्हणायचं?" मी म्हटलं.

"तुमाले नाई. तिले." मान खाली घालून म्हणाले. "तीस वर्ष मी घरी आलो का ती मांगच्या खोलीतून सांगे, आले म्हनून. तोंड न पाहता."

डी-२९ काकूंच्या शेजारी संध्याकाळभर जळत होती. काकू भाजी निवडत होत्या. काका खांबाला टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी काकूंनीच विचारलं, "आजचा कशाचा हाय?" काका म्हणाले, "असाच, एक." आणि तारेचा आकडा घेऊन उठले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मला त्या बाईच्या नाकाचा इतका राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

मग ती चैत्रातली दुपार. डी-४१. कडुलिंबाच्या मोहराचा. काकांनी चादर अंथरून फुलं गोळा केली होती आणि तेलात पंधरा दिवस मुरवली होती. वास खरंच उतरला होता, गोडसर, कडवट, डोळे जड करणारा. आम्ही ओसरीवर बसलो होतो. काकू आत, मधल्या घरात. मी वाकून वास घ्यायला गेले आणि माझ्या ओढणीचं टोक ज्योतीवर आलं. "अगं बाई!" म्हणून मी ओढणी मागे ओढली आणि काही कळायच्या आत फूं करून मेणबत्ती फुंकली.

वातीतून धुराची दोरी निघाली आणि वळत वळत दारातून आत गेली.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढ्या दिवसांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. आता तोंड उघडलं. "बाई, तुमाले किती डाव सांगतलं, फुंकजा नोका म्हनून—"

"काय जळून राह्यलं वं?" आतून काकूंचा आवाज आला.

"काई नाई," काका सवयीने म्हणाले. आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. काकूंना ओसरी दिसत नव्हती. दाराला पडदा होता.

"काय म्हनलं?" काकांनी विचारलं.

"जळकं येऊन राह्यलं ना. दूध ठेवलं का कोनं?"

काका उठले नाहीत. बसल्या जागी त्यांनी काडेपेटी चाचपली. दोन काड्या मोडल्या. तिसरीने मेणबत्ती पेटवली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. "फुंका," पुटपुटले. मी फुंकली.

"आता कमी झालतं, पुन्हा आलं पाहा!" काकू पडदा सारून दारात आल्या. हातात वातींचा कापूस. "काय करून राह्यले तुमी दोघं?" आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. कापूस हातातून पडला. भिंतीला धरून त्या खाली बसल्या, पदर नाकावरून बाजूला केला आणि त्या विरत चाललेल्या धुरात तोंड पुढे करून बसल्या. किती दिवसांनी त्यांचा पदर नाकावरून हलला होता. पत्र्यावर फुलं पडत होती.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "पाह्यलं बाई. एक्केचाळीस पोल चढलो. एकच सोडला होता." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद होता की टपली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फुंकायचा प्रयत्न केला. जमेना. जन्मात कधी फुंकलेलं नाही. गाल फुगवायचे आणि थुंकी उडवायचे. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "आईची माफी मागून घेतली म्या," काका मला म्हणाले, "तिले म्हनलं, मी विझवत नाई, मी वाढवूनच राह्यलो."

पुढच्या वर्षी माझी साखरखेर्ड्याला बदली झाली. सामान गेलं, मी गेले. सहा-सात महिन्यांनी शाळेतले राहिलेले कागद न्यायला डोणगावला आले, तेव्हा दुपार कलल्यावर घरी डोकावले. काका ओसरीवर. समोर मेणबत्त्यांची ओळ. चहा पाजला. काकूंचं विचारलं तर म्हणाले, फोडणीचा ठसका कळतो, उदबत्ती कळते, कांदा कधी कळतो कधी नाही. मोगरा अजून नाही. पण महालक्ष्म्यांना दोन बायका पातेली घेऊन आल्या होत्या, आणि एकीच्या वरणाला काकूंनी मीठ सांगितलं होतं.

"बरोबर सांगितलं?"

"चुकलं," काका आनंदाने म्हणाले. "पन सांगतलं ना!"

"आता कुठे आहेत?"

त्यांनी टेस्टर रस्त्याकडे केला. "टेस्टिंगवर. पह्यले दारात उभी राहे, मंग नळापाशी, मंग कडुलिंबाखाली. रोज दोन पावलं पुढं जाते. मी इथून फुंकतो, तिले आला का हात वर करते. काल फाटकाबाहेर गेली, सडकेलोक."

मी निघाले. पिशवी खांद्याला लावून फाटकाबाहेर पडले तर काकू खरंच सडकेच्या कडेला उभ्या होत्या, घराकडे पाठ करून, पदर खांद्यावर. येणारी-जाणारी माणसं त्यांच्याशी बोलत होती आणि त्या बोलत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मागे वळून पाहिलं. ओसरीवर काका वाकले, गाल फुगवले आणि फुंकर मारली. धुराचा पांढरा धागा एवढा एवढासा दिसला आणि घराच्या मागे वाहून गेला. वारा उलटा होता, सडकेवरून घराकडे जाणारा. माझं नाक धडधाकट. मला काहीही आलं नाही.

काकूंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"आला!" ओसरीवरून काका ओरडले.

"काकू, खरंच आला?" मी हळूच विचारलं.

"काल आलता इथलोक," त्याही हळूच म्हणाल्या. हात तसाच वर होता. "आज वाऱ्यानं नाई आला. येईन उद्या. हात नाई केला त थे पुन्हा पह्यल्या पोलावर जातीन, बाई. लय चढले माह्यासाठी. आता बसू द्या त्याइले खाली."